बाई, बेल आणि आत्याबाई

बाईंच्या घरात ‘अहो’ म्हणायला बंदी होती. ही बंदी बाईंनी स्वतःच स्वतःवर घातलेली. कारखान्याच्या कॉलनीत आमच्या ओळीत सगळी संसारी माणसं, घरांच्या भिंती सामाईक आणि पुढं एकच लांबलचक पडवी. एखाद्या स्वयंपाकघरातून ‘अहो’ अशी हाक आली, की ओळीतले सगळे नवरे आपापल्या दारात येऊन उभे राहायचे आणि एकमेकांकडे बघून परत आत जायचे. मीही कितीदा तरी जेवता जेवता उठून गेलोय. बाईंना हा मनुष्यबळाचा अपव्यय सहन होईना. शेवटी त्यांनी एका रविवारी चुलीपासून पडवीतल्या खुर्चीपर्यंत वायर ओढली आणि खुर्चीच्या पाठीला एक बेल ठोकली. एकदा वाजली की चहा, दोनदा वाजली की जेवण, आणि लांबलचक वाजली की ‘असाल तसे आत या’.

खुर्चीत बसायचे ते बाईंचे यजमान. फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आलेले आणि आता कारखान्याच्या गेटवर सुरक्षा अधिकारी. सहा फूट उंची, दोन्ही गालांवर चढलेल्या मिशा, आणि आवाज असा, की गाडीवानानं नुसती बिडी पेटवली तरी ‘कोन हाय रं त्यो!’ ऐकून त्याच्या हातातली काडी विझायची. हा माणूस बेल वाजली की ताडकन उभा राहायचा आणि आत जायचा. फौजेत आयुष्य गेलेलं, त्यांना बेलीचं काही वाटत नसे. उलट बेल बिघडली तर तेच अस्वस्थ व्हायचे. बायकोला हाक मारायची त्यांची पद्धत मात्र साधी होती. ‘ए, ऐकलं का,’ एवढंच. बाईंना नाव आहे याची त्यांनी कधी दखल घेतल्याचं आम्ही पाहिलं नव्हतं.

बाई म्हणजे आमच्या साखर कारखान्याच्या संगणक विभागाच्या प्रमुख. पलूस आणि आष्टा यांच्या मधल्या पट्ट्यात तेव्हा संगणक म्हटलं की लोक हात धुऊन आत जायचे. बाईंचं माहेर शेतकऱ्याचं, शिक्षण सांगलीच्या कॉलेजात. सुभेदारांची बदली सिकंदराबादला झाली तेव्हा क्वार्टरमध्ये बसून कंटाळा आला म्हणून त्या समोरच्या गल्लीतल्या संगणकाच्या क्लासला जाऊ लागल्या, आणि बाकीच्या फौजी बायका स्वेटर विणायला शिकल्या तेवढ्या काळात या युनिक्स नावाची संगणकप्रणाली शिकून आल्या. एवढं शिकून बोलणं मात्र माहेरचंच राहिलं. इंजिनिअर मंडळींशी बोलतानाही ‘आवं, तुमी जरा दम खावा की’ असंच सुरू व्हायचं.

मी काट्यावर क्लार्क. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं आणि पावती फाडायची, हे माझं काम. ते मी हातानं उत्तम करत होतो आणि संगणकाच्या नावानं माझ्या कपाळावर आठी होती, हे आधीच सांगून ठेवतो. बाईंनी मला पहिल्या दिवशी काट्याला लागूनच असलेल्या आपल्या थंडगार खोलीत नेलं. कोपऱ्यात एक उभं कपाटासारखं यंत्र घूं घूं करत होतं.

“ह्या आत्याबाई,” बाई म्हणाल्या.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मी यंत्राला नमस्कार करायचा तेवढा राहिलो.

“आन ह्या समद्या सुना.” टेबलांवर मांडलेले पडदे आणि कळफलक दाखवत त्या म्हणाल्या. “ह्यांच्याकडं सोताचं काय न्हाई. पीठमिठाचा डबा उघडायचा तरी आत्याबाईंस्नी इचारायचं. आत्याबाई खूश, तर घर चाललं. आत्याबाई रुसल्या, तर समद्या सुना हात बांधून हुब्या.”

अख्खं नेटवर्क मला इतकं चटकन समजलं, की मीच चकित झालो. कर्कश आवाज करत कागद अडकवून ठेवणारा प्रिंटर म्हणजे नणंद होती. टेलिफोनच्या तारेवरून किंचाळत बोलणारं मोडेम म्हणजे परगावचा पाहुणा. ‘पावना बोलाया लागला की मदी कुनी फोन उचलायचा न्हाई, बिचाऱ्याचं ध्यान तुटतंय,’ असा हुकूम होता. कारखान्यात मोठमोठी माणसं ‘नणंदेत कागद अडकलाय’ असं अगदी गंभीरपणे बोलत असत.

पासवर्डच्या बाबतीत मात्र बाई गंमत चालू देत नसत. कुणी पासवर्ड टाकायला लागला की खोलीतल्या सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. एकदा खुद्द कार्यकारी संचालक असे उभे राहिले होते, हातात चहाची बशी घेऊन. आम्ही लोकांनी सुरुवातीला पासवर्ड ठेवले ते बायकोच्या, पोरांच्या, नाहीतर ग्रामदैवताच्या नावाचे. बाईंनी एका दुपारी बसून सगळ्यांचे ओळखून दाखवले.

“बायकूचं नाव समद्या गावाला ठावं हाय. द्येवाचं तर पंचक्रोशीला. त्ये काय कुलूप झालं व्हय?”

“मग काय ठेवायचं?” मी विचारलं.

“जे तुमी घरात म्हन्तासा आन भाईर मेला तरी म्हनत न्हाई, त्ये ठिवायचं.”

यावर आमचा स्टोअरकीपर लाजून इतका लाल झाला, की त्याचा पासवर्ड काय असावा याची चर्चा हंगाम संपेपर्यंत पुरली.

कारखान्यातलं काम संपलं की बाईंचा घरचा कारखाना सुरू व्हायचा. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी नणंदेकडून जोडकागदावर ठिपक्यांच्या रांगोळ्या काढून घेतल्या आणि कॉलनीभर वाटल्या. त्या साली प्रत्येक दारात एकच रांगोळी, एका रेषेचाही फरक नाही. बाहेरून आलेला पोस्टमन घरं ओळखेना. पाण्याची टाकी भरली की बाईंनी बसवलेला भोंगा वाजायचा. तो भोंगा आणि पाळीचा भोंगा सारखाच वाटल्यामुळं रात्रपाळीची दोन माणसं भर दुपारी डबा घेऊन कामावर हजर झाली होती.

पण सगळ्यांत गाजली ती पापडाची बेल. गच्चीवर पापड वाळत घातले, की त्यांच्या मधे बाई तांब्याच्या उघड्या तारांची एक पट्टी ठेवायच्या. पट्टीवर पाण्याचा थेंब पडला की खाली स्वयंपाकघरात घणघण सुरू. आमच्या घरातली मंडळी तर त्या बेलीवर इतकी विसंबली, की आकाशाकडे बघायचंच सोडलं. एकदा कडकडीत ऊन पडलेलं असताना बेल वाजली. सगळ्या ओळीतल्या बायका हातातलं टाकून गच्चीवर धावल्या, पापड, कुरडया, सांडगे, सगळं गोळा करून खाली आणलं, आणि मग घाम पुसत वर बघितलं तर ढगाचा पत्ता नाही. पट्टीवर एक कावळा बसला होता. टाकीत चोच बुडवून आला होता. कुणाच्या तरी तोंडून निघालं, “बाईंची बेल चुकली!” बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “बेल कुटं चुकली? पानी पडलं, बेल वाजली. वर बघायचं काम तुमचं हुतं.” मला ते आजही पटतं आणि आजही राग येतो.

तर, अशा या बाईंच्या जिवावर त्या हंगामात काटा संगणकाला जोडला गेला. गाडी चढली, वजन आपोआप आत्याबाईंकडे गेलं, नणंदेनं पावती ओकली, गाडी पुढं. महिन्याभरात मी माझी आठी विसरलो. पण आमचे व्हाइस चेअरमन विसरले नव्हते. त्यांचा संगणकाला विरोध, आणि बाईमाणसाच्या हातात संगणक याला तर फारच. ‘एक दीस ह्ये डबडं बंद पडंल आन कारखान्याची आब्रू जाईल,’ हे त्यांचं प्रत्येक मिटिंगमधलं वाक्य होतं. त्या दिवसाची ते वाटच बघत होते.

तो दिवस नेमका बाई रजेवर असताना उजाडला. विट्याला सुभेदारांच्या पुतणीचं लग्न होतं. सासरचं लग्न, थोरली जाऊबाई म्हणून बाईंना गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जाताना त्यांनी मला बजावलं होतं, “आत्याबाईंच्या बॅटरीला दुसरं कायबी जोडायचं न्हाई. पंखा न्हाई, शेगडी न्हाई. मी उद्या आलेच.”

सकाळी दहाच्या सुमारास व्हाइस चेअरमन काटा बघायला म्हणून आले. काट्यावर उकडत होतं. त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यानं कुठूनसा पंखा आणला आणि मी पावती फाडून वळतो तोवर त्याची पिन शेजारी आत्याबाईंच्या बॅटरीच्याच बोर्डात खुपसली. थोड्या वेळानं लाइट गेली. पंखा मात्र झकास फिरत होता. व्हाइस चेअरमन म्हणाले, “लाइट नसताना वारं येतंय, ह्ये मातुर बरं केलं बाईनं.” त्यांच्या तोंडून बाईंचं ते पहिलंच कौतुक. ते संपायच्या आत बॅटरीनं मान टाकली आणि आत्याबाई गप्प झाल्या.

लाइट आल्यावर त्या उठल्या, पण रुसून. पडद्यावर इंग्रजीत एकच मागणं, मुख्य पासवर्ड द्या. तो फक्त बाईंकडं. मी माझा टाकला, स्टोअरकीपरनं भिंतीकडे तोंड करायला लावून त्याचा टाकला. काही उपयोग नाही. काटा बंद.

बाहेर गाड्या तुंबायला लागल्या. उसानं लादलेल्या बैलगाड्या काट्यापासून गेटपर्यंत, गेटपासून पार रस्त्यापर्यंत. ओझ्याखाली बैल उन्हात उभे, जोखड सोडता येत नाही, तोंडाला फेस. गाडीवान खिडकीशी येऊन मला आईबापावरून विचारपूस करत होते. व्हाइस चेअरमन खुर्चीत मागं रेलून म्हणाले, “दुपारच्या भोंग्यापातूर चालू झालं तर ठीक. न्हाईतर उद्याच्या मिटिंगला ठराव. डबडं बी जाईल आन बाई बी. हातपावत्या सुरू.”

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. हातपावत्या हा माझा प्रांत. पण त्या थंड खोलीतून बाई गेल्या तर तिथं काय उरणार होतं? मी फोन ओढून घेतला आणि विट्याचं मंगल कार्यालय लावलं.

पलीकडं कुणी तरी पाहुणा होता, मागं सनई. घाईत माझ्या तोंडून गेलं, “बाईंना सांगा, आत्याबाई गेल्या!” पलीकडं एकदम किंकाळी उठली. पुढचा मिनिटभर फोनमधून नुसता गोंधळ ऐकू येत होता. नंतर बाई आल्या त्या चिडूनच.

“आवं काय बोलायलाय तुमी? आत्याबाई हितं माझ्याम्होरं बुंदी खायत्यात. समदं कार्यालय रडायला लागलं की!”

“या आत्याबाई, बाई. आपल्या.” मी सगळं सांगितलं. पंखा सांगितला, बैल सांगितले, ठराव सांगितला.

“मी एस्टीनं यिऊ का?”

“भोंग्याच्या आत पोचत नाही तुम्ही.”

“दुसरा काय विलाज?”

“तो मी तुम्हाला विचारतोय.”

“खोलीतनं समद्यांस्नी भाईर काढा.”

मी मागं वळून पाहिलं. व्हाइस चेअरमन, कार्यकर्ता, फिटर, स्टोअरकीपर, आणि खिडकीच्या गजांना लटकलेले गाडीवान. एकजण हलेल तर शपथ. “काढले,” मी म्हणालो.

बाई काहीतरी पुटपुटल्या. लाइन अशी खरखरत होती, की मला फक्त ‘स’ ऐकू आला.

“मोठ्यानं बोला!”

तेवढ्यात त्यांच्या मागून एका बाईचा आवाज आला, “कुनाचं नाव सांगतीस गं फोनवर? लाजायलीस का?”

“ह्यांचं,” बाई म्हणाल्या.

संपलं. लग्नघरात थोरली जाऊ नवऱ्याचं नाव घेणार आणि ते नुसतं घेणार? कार्यालयातल्या सगळ्या बायकांनी एकच गिल्ला केला, “उखाण्यात! उखाण्यात घ्या!” बाई म्हणत होत्या, आवं काम हाय, बैलं हुबी हायती. ऐकतंय कोण. आणि मग फोनमधून मला बाईंचा आवाज आला, खणखणीत. मी एकेक शब्द मोठ्यानं म्हणत कळफलक बडवायला लागलो.

“उसाची रांग गेली पाटापासनं नाक्यापातूर, ससोबाचं नाव घेते, काटा झालाय आतुर!”

मी ‘आतुर’पर्यंत सगळं टाकलं. टाकताना पडद्यावर काही उमटत नव्हतं, पण पासवर्ड उमटत नसतोच. बाईंसारख्या बाईचा पासवर्ड असाच लांबलचक आणि यमक जुळणारा असणार, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. एंटर मारलं. आत्याबाईंनी साफ नकार दिला.

“चालत नाही बाई!”

“काय टाकलासा?”

“तुम्ही सांगितलं ते. उसाची रांग...”

“आवं द्येवा! उखाना न्हाई, नुस्तं नाव टाका!”

“सुभेदारांचं?”

“न्हाई वं. आत्ता घेतलं त्येच.”

“ससोबा?” मी इतक्या मोठ्यानं विचारलं, की शेवटच्या गाडीच्या बैलानंही मान वळवली असावी.

“व्हय.”

“म्हणजे आपले सुभेदार?”

“व्हय वं व्हय! पालीला भित्यात म्हनून! टाका लौकर!”

खोलीत टाचणी पडली असती तर तिचं वजन घेता आलं असतं. आणि त्या शांततेत फोनमधून एका म्हातारीचा, म्हणजे खऱ्या आत्याबाईंचा, ठणठणीत आवाज सगळ्यांना ऐकू आला, “आगं बया! अजून भितोय व्हय त्यो पालीला?”

मी ते नाव टाकलं. आत्याबाई खडबडून जाग्या झाल्या. एकेक सून उजळली, नणंद खरखरली आणि पहिली पावती बाहेर आली. खिडकीतल्या गाडीवानांनी टोप्या उडवल्या. व्हाइस चेअरमन आधी गंभीर होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते ‘ससोबा’ एवढंच म्हणाले आणि टेबलावर डोकं ठेवून हसत सुटले, ते कार्यकर्त्यानं धरून गाडीत नेऊन बसवेपर्यंत. दुसऱ्या दिवशी ठराव मांडायला ते उठले म्हणतात, पण तोंड उघडलं की हसूच यायला लागलं, म्हणून खाली बसले.

बाईंची खोली वाचली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर बाई आत्याबाईंसमोर डोळे लाल करून बसलेल्या.

“विट्यापासनं हितपातूर ह्ये एक सबूद बोललं न्हाईत,” त्या म्हणाल्या. “घरात गेलो, बेल वाजवली, तरी खुर्चीतनं उठलं न्हाईत. मी फौजी मान्साची लाज रस्त्यावर मांडली वं. गेटावर आता कोन ऐकनार त्यांचं?”

मी काहीतरी समजूत घालणार होतो. इतक्यात दारात सुभेदार. पूर्ण गणवेशात, काठी बगलेत, मिशा नुकत्याच पिळलेल्या. गेटावरून चालत आले होते, म्हणजे गाड्यांच्या अख्ख्या रांगेसमोरून. वाटेत ‘ससोबा’ किती तोंडांतून ऐकलं असेल कुणास ठाऊक. बाई उठून उभ्या राहिल्या.

“त्यो पासवर्ड आता समद्या जिल्ह्याला म्हाईत झालाय,” सुभेदार म्हणाले. “ह्ये सुरक्षेला धरून न्हाई. बदलाया पायजे.”

“बदलते की,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“तू नगं. मी टाकतो.”

बाईंनी मुकाट्यानं ते बदलायचं ठिकाण उघडून दिलं. मी नियमाप्रमाणं भिंतीकडे तोंड केलं. मागून कळफलकाचा आवाज यायला लागला. एका बोटानं, एकेक अक्षर शोधून. मधे बराच वेळ काहीच वाजायचं नाही, मग टक. परत शांतता, मग टक. बाई त्यांच्या बोटाकडं बघत असणार. कारण मधेच त्यांचा आवाज आला, आणि तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

“ह्ये... ह्ये तर माझं म्हायेरचं नाव.”

आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात नवं नाव काढलं, की जुनं माहेरी राहतं आणि सासरी ते कुणी उच्चारत नाही.

“तुमास्नी कसं म्हाईत?”

“लग्नाच्या पत्रिकेत वाचलं हुतं,” सुभेदार म्हणाले. “तवापासनं मनात म्हन्तोय. भाईर कवा म्हनलो न्हाई.”

आत्याबाई घूं घूं करत होत्या. मी भिंतीवरच्या एका ओलीच्या डागाकडं बघत उभा होतो आणि मला फार बरं वाटत होतं. ते नाव काय, हे मला आजही माहीत नाही.

“दोनदा टाकावं लागतंय,” शेवटी बाई म्हणाल्या. “खात्रीसाठी. परत टाका.”

परत टक, परत शांतता, परत टक. झालं एकदाचं. सुभेदारांनी काठी बगलेत मारल्याचा आवाज आला.

“आजून एकदा टाका,” बाई म्हणाल्या.

ते यंत्र दोनदाच विचारतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी भिंतीकडंच बघत राहिलो.